गोपाळरावांची थट्टा आणि पुण्याचे ग्रामण्य

१८९०च्या ऑक्टोबर महिन्यात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक सभा भरली. सभेत कोण काय बोलले याची आठवण आज फारशी कोणाला नाही. सभेनंतर जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली, तेवढे मात्र महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात कायमचे नोंदले गेले. मंडळी साधीसुधी नव्हती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते, बाळ गंगाधर टिळक होते, शहरातील वकील, शिक्षक आणि सरकारी अधिकारी होते. काहींनी चहा घेतला, काहींनी यजमानांचा मान राखण्यापुरता पेला हातात धरून तसाच खाली ठेवला. मंडळी घरोघर परतली आणि पुढे काही दिवसांनी ‘पुणे वैभव’ या वृत्तपत्रात उपस्थितांच्या नावांची यादी छापून आली. ख्रिस्त्यांच्या हातचा चहा प्यालेले ब्राह्मण म्हणून चाळीस-पन्नास प्रतिष्ठितांची नावे एका दिवसात पेठापेठांतून फिरली. शहर खदखदून हसले. आणि मग हसणे थांबले.

ही चहापार्टी घडवून आणणारे आणि नावे वृत्तपत्रापर्यंत पोहोचविणारे गृहस्थ म्हणजे गोपाळ विनायक जोशी, असे तेव्हापासून मानले जाते. आज त्यांची ओळख डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती अशी आहे. श्री. ज. जोशी यांच्या १९६८ सालच्या ‘आनंदी गोपाळ’ कादंबरीने, तिच्यावर आधारलेल्या नाटकाने आणि २०१९ साली आलेल्या चित्रपटाने ती घराघरात पोहोचविली. विक्षिप्त, हट्टी, पण काळाच्या पुढे पाहणारा नवरा, हे ते चित्र. ते खोटे नाही. मात्र पत्नीच्या निधनानंतर साडेतीन वर्षांनी घडलेले हे चहाचे प्रकरण त्या चित्राच्या चौकटीत सहसा बसविले जात नाही. गोपाळरावांचा स्वभाव, त्यांची विनोदबुद्धी आणि तिची धार समजून घ्यायची तर हे प्रकरण वगळून चालत नाही.

गोपाळराव मूळचे संगमनेरचे. पोस्टात कारकून. पहिली पत्नी लहान वयात वारलेली. दुसरे लग्न करायचे तर विधवेशी करावे, असे त्यांच्या मनात होते. ते जमले नाही. नोकरीनिमित्त ते कल्याणला आले आणि तेथे गणपतराव जोशी यांच्या घराशी त्यांचा संबंध आला. गणपतरावांची मुलगी यमुना तेव्हा नऊ वर्षांची होती. मुलीला शिकविण्यास सासर-माहेर कोणीही आडकाठी करायची नाही, ही गोपाळरावांची अट. हुंडा, मानपान यांच्या अटी घालणाऱ्या वरांच्या काळात ही अट ऐकून आप्तेष्टांना हसू आले असेल, तर नवल नाही. १८७४ साली लग्न झाले आणि यमुनेची आनंदी झाली.

गोपाळरावांच्या विक्षिप्तपणाचा हा पहिला टप्पा आजच्या वाचकाला लोभसवाणा वाटतो. नवऱ्याने बायकोला धडा देणे आणि तो चुकला म्हणून घर डोक्यावर घेणे, शेजाऱ्यांनी खिडकीआडून पाहणे, आणि बायको स्वयंपाकघरात रमली म्हणून नवऱ्याने संतापणे, हा उलटा संसार पाहून कल्याण-अलिबागची आळी हसत असे. त्या हसण्यात आरंभी फारसे विष नसावे. जगाहून वेगळे वागणाऱ्या माणसाला जग हसतेच. शिवाय गोपाळरावांना हसवून घेण्याची आणि लोकांना बुचकळ्यात पाडण्याची हौसही होती. पण घरातली गोष्ट निराळी होती. दहा वर्षांच्या मुलीला लाकडाच्या ढलप्यांनी मारणे, बाराव्या वर्षी तिच्या अंगावर पुस्तके आणि खुर्च्या भिरकावणे, चौदाव्या वर्षी सोडून जाण्याची धमकी देणे, हे सारे पुढे आनंदीबाईंनी अमेरिकेतून नवऱ्यालाच लिहिलेल्या पत्रात आठवून सांगितले आहे. त्याच पत्रात त्यांनी या वागणुकीला सरळ चांगली वा वाईट म्हणण्याचे टाळले आणि ती दोन्ही होती, असा निवाडा दिला. शेजाऱ्यांना जी गंमत दिसत होती तिच्या आतल्या बाजूस एक लहान मुलगी मार खात होती.

पोस्टातल्या बदल्यांबरोबर हे जोडपे अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज असे फिरत राहिले आणि थट्टेचा रंग पालटत गेला. तेरा-चौदा वर्षांच्या आनंदीबाईंना मूल झाले आणि दहा दिवसांत ते दगावले. डॉक्टर होण्याची इच्छा त्या दुःखातून मूळ धरून वर आली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्याच सुमारास त्या नवऱ्याबरोबर रस्त्याने चालू लागल्या, मिशनच्या शाळेत जाऊ लागल्या, हाती पुस्तके दिसू लागली. मुंबईत त्यांना पाहायला घोळके जमत, शेरे मारले जात, कोणी थुंकतही. बंगालमध्ये बदली झाल्यावर तर नवऱ्याच्या शेजारून उघडपणे चालणारी स्त्री कुलीन असूच शकत नाही, या समजुतीला तोंड द्यावे लागले. रस्त्यावरच्या लोकांना या बाईविषयी काही ठाऊक नव्हते. ठाऊक करून घेण्याची गरजही वाटत नव्हती. पायात बूट आहेत, बरोबर पुरुष आहे, एवढ्यावरून तिचे सारे चारित्र्य रचून मोकळे होता येत होते. टवाळी आणि कुचाळकी यांतील सीमारेषा बहुधा येथेच असावी. टवाळखोर समोर दिसणाऱ्या गोष्टीवर हसतो. कुचाळकी करणारा न पाहिलेल्या गोष्टी जोडत जातो आणि त्या पाहिल्याप्रमाणे पुढच्याला सांगतो.

कोल्हापुरात असताना १८७८ साली गोपाळरावांनी अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांना पत्र लिहून पत्नीच्या अमेरिकेतील शिक्षणासाठी मदत मागितली. वाइल्डर यांनी तो पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला, सोबत धर्मांतराची शिफारसही केली. खासगी पत्राचा असा जाहीर तमाशा झाल्याची चीड गोपाळरावांना आली असणार. तथापि त्या छापील मजकुराने एक अनपेक्षित काम केले. न्यूजर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी दंतवैद्याकडे वाट पाहत असताना तो अंक चाळला आणि त्या अनोळखी हिंदू मुलीला पत्र पाठविले. छापलेल्या शब्दाची ही दुसरी बाजूही गोपाळरावांनी पाहिलेली होती, हे पुढच्या प्रकरणासाठी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील कॉलेजात आनंदीबाईंनी जाहीर भाषण करून आपण अमेरिकेस का जातो हे सांगितले. आपल्या वाट्याला आलेल्या उपहासाचा आणि बहिष्काराच्या धाकाचा त्यांनी तेथे शांतपणे समाचार घेतला. भाषण करणारी मुलगी अठरा वर्षांचीही झालेली नव्हती. एप्रिलमध्ये ती कलकत्त्याहून एकटी निघाली.

गोपाळराव मागाहून, पूर्वेकडच्या मार्गाने, १८८५ साली अमेरिकेत पोहोचले. तेथे त्यांच्यातील विरोधभक्ती उफाळून आली. मायदेशी कर्मठांना चिमटे काढणारा हा माणूस अमेरिकेतील व्यासपीठांवर हिंदू चालीरीतींचा कैवारी झाला. मिशनऱ्यांवर, पाश्चात्त्य सुधारणेवर, स्त्रियांच्या शिक्षणावरही तो उपहासाने बोलू लागला. ज्या समाजात असावे त्याच्या नाकाला मिरच्या झोंबतील असे बोलावे, हा जणू त्याचा नियम होता. श्रोते कधी हसत, कधी चिडत. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात अभ्यास करणाऱ्या, थंडीने आणि खोकल्याने झिजत चाललेल्या आनंदीबाईंना मात्र या व्याख्यानांचे ओशाळेपण आपल्या अमेरिकन स्नेह्यांसमोर निस्तरावे लागे. गोपाळरावांच्या विनोदाचे बिल नेहमीच दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर पडत असे. येथेही ते बायकोच्या नावावर पडले.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई पदवीधर झाल्या. कोल्हापूर संस्थानाने त्यांना तेथील रुग्णालयाच्या स्त्रीविभागाचे काम देऊ केले. ते हाती घेण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, क्षयाने पुण्यात त्यांचा अंत झाला. वय बावीसही पुरे झाले नव्हते. जे शहर त्यांच्या बुटांवर हसले असते तेच हळहळले. काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्र लिहावयास घेतले. अस्थी कार्पेंटरबाईंकडे गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यात पकीप्सी येथे त्यांच्या कुटुंबाच्या जागेत विसावल्या. गोपाळराव एकटे राहिले. ज्या एका ध्येयाने त्यांच्या चक्रमपणाला दिशा दिली होती, ते संपले. विक्षिप्तपणा तेवढा उरला.

चहापार्टीकडे या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. गोपाळरावांचे लक्ष्य काल्पनिक नव्हते. सभा-परिषदांतून जातिभेदावर टीका करायची, घरी आल्यावर सोवळे नेसून जेवायला बसायचे, असा दुटप्पी व्यवहार पुण्यातील सुधारक वर्गात सर्रास चाले. रानड्यांनी १८८७ साली सामाजिक परिषद सुरू केली होती. ठराव होत होते, पण ठराव करणाऱ्यांच्या पंगती बदलत नव्हत्या. बायकोला रस्त्यावरून चालविताना समाजाचे शेण अंगावर घेतलेल्या माणसाला या सावध सुधारकीचा तिटकारा आला असेल, तर तो समजण्यासारखा आहे. एकाच पेल्यात सुधारकांची परीक्षा घ्यावी, ही कल्पना विनोद म्हणून पहिल्या दर्जाची होती, हेही मान्य करावे लागेल. चहा हे पेय तेव्हा ब्राह्मणी घरात नवखेच. धर्मशास्त्रात त्याचा उल्लेख असणे शक्य नाही. पण त्यातले पाणी कोणाच्या हातचे, हा प्रश्न मात्र शास्त्राच्या कक्षेत येत होता. विनोदकाराला याहून चांगली सामग्री कोणती हवी?

ही थट्टा त्या दिवाणखान्यातच राहिली असती, म्हणजे पेले खाली ठेवल्यावर गोपाळरावांनी उठून मंडळींना त्यांच्या सोवळ्याची आठवण करून दिली असती, तर रानडे बहुधा हसले असते आणि टिळकांनी तिखट उत्तर दिले असते. ज्याची थट्टा केली त्याला प्रत्युत्तराची संधी मिळाली असती. पण नावे छापली गेली. ती ज्यांच्या हाती पडली त्यांना सुधारकांच्या दुटप्पीपणाशी कर्तव्य नव्हते. त्यांना सुधारकच नको होते. एका सभेतला विनोद दुसऱ्या सभेत पुरावा म्हणून मांडला गेला. चहाची चहाडी झाली ती अशी.

काळही वाईट होता. कोवळ्या वयातील मुलींच्या शरीरसंबंधाच्या संमतीचे वय दहावरून बारा करणाऱ्या कायद्यावरून पुणे दुभंगले होते. तो कायदा १८९१च्या मार्चमध्ये संमत झाला. पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८९०च्या नोव्हेंबरात मुंबईहून पुण्यास आले, म्हणजे चहानंतर महिनाभरातच. ख्रिस्ती हा शब्द उच्चारताच संशयाचा धूर निघावा, असे ते दिवस. आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढणारे हेच पुणे. तिलाही पुणेकर विनोदच म्हणत होते.

बाळासाहेब नातू आदी सनातनी मंडळींनी प्रकरण शंकराचार्यांकडे नेले. शंकराचार्यांचे प्रतिनिधी चौकशीसाठी पुण्यास आले. ग्रामण्य सुरू झाले आणि ते दीड-दोन वर्षे रेंगाळले. ग्रामण्य हा शब्द आजच्या वाचकाला पुस्तकी वाटेल. तेव्हा तो माजघरापर्यंत पोहोचणारा होता. यादीत नाव असलेल्याच्या घरी श्राद्धाला ब्राह्मण मिळेना, मुंज-लग्नाला भटजी आणि आचारी मिळेनात. सोयरे पंगतीस येईनासे झाले, लेकीसुनांना सासर-माहेरच्या उंबरठ्यावर अडवले जाऊ लागले. ज्याने पेला तोंडाला लावला आणि ज्याने नुसताच हातात धरला, त्या दोघांत यादीने भेद केला नव्हता. ज्या घरच्या वृद्ध आईवडिलांनी चहा कसा असतो हे पाहिलेही नव्हते, त्यांच्यावर आयुष्याच्या अखेरीस वाळीत पडण्याची पाळी आली.

यादी बव्हंशी खरी होती, हा गोपाळरावांच्या बाजूचा मोठा मुद्दा. निंदा म्हणजे खोटे बोलणे, अशी आपली एक सोयीची समजूत असते. पंचहौदच्या प्रकरणात खोटे जवळजवळ काहीच नव्हते. माणसे तेथे होती, चहा होता, पेले होते. खऱ्या गोष्टीनेही माणसाचे घर बसविता येते, ती फक्त योग्य कानापर्यंत पोहोचवावी लागते. शिमग्यात नावे घेऊन बोंबा मारण्याची परवानगी रूढीने दिलेली आहे, पण धुळवडीचे पाणी अंगावर पडले की हिशेब मिटतो, असाही संकेत आहे. शिमगा गेला तरी कवित्व उरते ही म्हण तो संकेत मोडणाऱ्यांसाठीच रूढ झाली असावी. छापील शिमग्याला तर धुळवडच नसते.

पुढे दहा-बारा वर्षांनी श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’मधील लेख लिहायला घेतले. व्रतवैकल्ये, मुहूर्त, शकुन, भटभिक्षुक, कशाचीही त्यांनी गय केली नाही. गोपाळरावांना झोंबत होत्या त्याच या गोष्टी. पण कोल्हटकरांचा सुदामा, त्याचे मित्र बंडूनाना आणि पांडूतात्या हेच त्या लेखांतले पहिले मूर्ख. वाचणाऱ्याला आपलाच काका त्यांत दिसतो, पण कोणाच्या काकाचे नाव त्यांत नसते. त्या लेखांनी अनेक सनातन्यांना राग आणला. कोणाच्या घरचे श्राद्ध मात्र त्यांच्यामुळे अडले नाही. मराठी विनोदाने या दोन वाटांपैकी कोल्हटकरांची वाट धरली. चिमणरावापर्यंत ती सरळ जाते. वृत्तपत्री टोलेबाजीने पुष्कळदा ‘पुणे वैभव’ची वाट धरली, हेही नाकारता येत नाही.

चौकशीपुढे प्रत्येकाने आपापला मार्ग काढला. टिळकांनी शास्त्रार्थाच्या अंगाने लढत दिली आणि आपण काशीस प्रायश्चित्त घेतले असल्याचे सांगितले. रानड्यांचा पेच निराळा होता. ते स्वतः बहिष्कार सोसायला समर्थ होते. सरकारी न्यायाधीश, आणि १८९३ साली तर मुंबई उच्च न्यायालयात गेले. पण बरोबरच्या स्नेह्यांना ते शक्य नव्हते. त्यांची अडचण दूर व्हावी म्हणून १८९२ साली रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतले. ज्याने जातीच्या जाचाविरुद्ध आयुष्यभर बोलावे त्याने एका पेल्यासाठी पंचगव्यापुढे मान तुकवावी, हे पाहून सुधारक खवळले, सनातनी सुखावले. दोघांनीही त्यांची यथेच्छ टवाळी केली. रमाबाई रानडे यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत या प्रायश्चित्ताने आपण किती व्यथित झालो, हे आडपडदा न ठेवता लिहिले आहे. पतीवरचा हा प्रसंग त्यांनी अठरा वर्षांनंतरही विसरून टाकला नव्हता.

गोपाळरावांना या ग्रामण्याचा त्रास फारसा झालेला दिसत नाही. व्हायचे कारणही नव्हते. पत्नी गेलेली, मूल नाही, लग्नाला आलेली लेक नाही, श्राद्धाची फिकीर नाही. गमावण्यासारखे जे होते ते त्यांनी चार वर्षांपूर्वीच गमावले होते. पुढे त्यांनी काही काळ ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुन्हा हिंदू धर्मात परतले. त्यावरही लोक हसले आणि बहुधा त्यांना तेच हवे होते. स्वतःवर ओढवून घेतलेल्या अशा हशांबद्दल त्यांना कोणी दोष देण्याचे कारण नाही. त्यांतील जोखीम त्यांची स्वतःची होती. आनंदीबाईंना रस्त्यावर उतरविताना आणि यादी छापखान्यात धाडताना जोखीम दुसऱ्यांची होती. पहिल्या वेळी त्यातून एक डॉक्टर घडली, म्हणून इतिहासाने त्यांना क्षमा केली. दुसऱ्या वेळी सुधारक अधिक धीट झाले, असे कोणी दाखवून देऊ शकलेले नाही. उलट ज्यांनी भीत भीत का होईना पण पेला उचलला होता, ते पुढे परक्याच्या दारी जाताना दहा वेळा विचार करू लागले असतील.

शुक्र ग्रहावरील एका विवराला आज आनंदीबाईंचे नाव आहे. पंचहौदचा मनोरा पुण्याच्या गुरुवार पेठेत, तेव्हाच्या वेताळ पेठेत, अजून उभा आहे. त्या यादीतील रानडे-टिळकांखेरीज बाकीची बहुतेक नावे आता अभ्यासकांनाच ठाऊक असतात. आणि ज्या बायकांनी त्या दोन वर्षांत आचारी मिळाला नाही म्हणून शंभर पानांचा स्वयंपाक एकहाती उरकला, किंवा माहेरचे बोलावणे येईना म्हणून दारी उभे राहून वाट पाहिली, त्यांची नावे त्या यादीत कधी नव्हतीच.